मांजराचें पोट आणि घरचें वैद्यक

घोड्यांसाठीं आपल्या देशांत शालिहोत्र झाला, हत्तींसाठीं पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद झाला; मांजराच्या वांट्याला मात्र म्हणीच आल्या. डोळे मिटून दूध पिणें, ताकावर टपणें आणि कामास निघालेल्या माणसास आडवें जाणें, एवढ्यावरच आपण त्याची ओळख आटोपली. मांजर हातून मेलें तर काशीस जाऊन सोन्याचें मांजर दान करावें, असें वडीलधारीं माणसें सांगत. परंतु तें जिवंत असतां त्याचें पोट बिघडलें तर काय करावें, हें कोणी सांगितल्याचें ऐकिवांत नाहीं.

पुण्याच्या पेठांतून वाडे होते तोंवर हा प्रश्न फारसा उठतही नसे. कात्रजच्या नळाचें पाणी हौदांत येई, अडगळींत उंदीर असत, परसांत माती नि गवत असे. मांजर आपलें खाणेंपिणें आणि शौच आपलें आपण पाही. १९६१ च्या १२ जुलैस पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठच्या पेठांतील कितीतरी वाडे त्या पुरांत पडले. जे उरले त्यांतील पुष्कळांच्या जागीं पुढें मजल्यांवर मजले चढले. तिसऱ्या मजल्यावरील मांजरास आज हौद नाहीं, उंदीर नाहीं, माती नाहीं. आपण देऊं तेंच तें खाणार. म्हणून त्याच्या पोटाची काळजी ही आतां घरच्या माणसांचीच जबाबदारी होऊन बसली आहे.

आमच्या घरीं तीन पिढ्या एकत्र नांदतात, आणि चौथी म्हणावी अशी मनी. गेल्या चैत्रांत दोन दिवस तिला शौचास झालें नाहीं. वाळूच्या तबकांत जाई, कुंथे आणि तशीच परत येई. अन्नास तोंड लावीना. दुसरे दिवशीं सायंकाळीं तिनें खाकरून केंसांची एक ओली सुरळी बैठकीच्या सतरंजीवर आणून टाकली. झालें! घरांत दरबार भरला. आत्याबाईंनीं फडताळांतून एरंडेलाची बाटली काढली. त्या बाटलीनें आम्हां सर्व भावंडांचें बालपण शुद्ध केलेलें आहे. काकांचें मत पडलें कीं, कोमट दुधांत तूप घालून पाजावें. धाकट्या वहिनींनीं मात्र मनीस मांडीवर घेतलें आणि हळूच म्हटलें, "आत्याबाई, आपण वडील आहांत, पण हिला आधीं डॉक्टरांस दाखवूं. एकदां पोटांत गेलेलें औषध कांहीं परत काढतां येत नाहीं." आत्याबाई किंचित् खट्टू झाल्या, परंतु बाटली फडताळांत परत गेली.

डॉक्टरांनीं प्रथम मनीचें पोट हातानें चांचपलें. मूत्राशय मोकळें आहे आणि मोठ्या आंतड्यांत मळाचे खडे झाले आहेत, अशी खात्री करून घेतल्यावरच ते पुढें बोलले. मांजराच्या जिभेवर मागें वळलेले असंख्य बारीक कांटे असतात. अमेरिकेंतील जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनीं २०१८ सालीं दाखवून दिलें कीं, ह्या कांट्यांचीं टोंकें पळीसारखीं पोकळ असून त्यांच्यावाटे लाळ केंसांच्या मुळापर्यंत पोंचते. स्नान आणि वेणीफणी दोन्ही एकाच जिभेनें! मात्र कांटे मागें वळलेले असल्यामुळें सुटलेला केंस गिळावाच लागतो, आणि तो पचत नाहीं. बहुतेक केंस मळावाटे निघून जातात. उरलेले जठरांत गुंततात आणि अन्ननलिकेंतून वर येतांना त्यांस सुरळीचा आकार येतो. पोटांतील अशा गोळ्यास पाश्चात्य वैद्यकांत 'बेझोअर' म्हणतात. तो शब्द मूळचा फारसी 'पादजहर', म्हणजे विषावरचा उतारा. रानबकऱ्यांच्या पोटांत मिळणारे असले खडे एके काळीं राजेरजवाडे विषाच्या भयानें मोठ्या मोलानें घेत. आमच्या सतरंजीवरील ऐवजास मात्र गिऱ्हाईक लाभलें नाहीं.

असा गोळा क्वचित् पडला तर भिण्याचें कारण नाहीं. वरचेवर पडूं लागला, किंवा ओकारीची धडपड होऊनही कांहींच पडेना आणि अन्न सुटलें, तर विलंब लावूं नये. जमिनीसरसें बसून मान लांबवून खोकणें हें तर पुष्कळदां केंसांचें नव्हे, दम्याचें लक्षण असतें.

मलावरोधाच्या मुळाशीं बहुधा पाण्याचा अभाव असतो. मांजराचा पूर्वज हा कोरड्या, वाळवंटी प्रदेशांतील रानमांजर. त्याला तहान कमी आणि पाण्याचा मोठा भाग शिकारींतूनच मिळे. उंदराच्या शरीरांत शेंकडा सुमारें ७० भाग पाणी असतें. विकतच्या कोरड्या खाद्यांत तें शेंकडा १० च्या आसपास. चार किलो वजनाच्या मांजरास अन्नांतलें धरून दिवसाकांठीं सुमारें २०० मिलिलिटर पाणी लागतें. त्यांत पुण्याचा चैत्र-वैशाख, हवा कोरडी ठक्क. मळ आंतड्यांत जितका रेंगाळे तितकें त्यांतील पाणी शोषलें जातें. तो कठीण होतो. वेदनेच्या भयानें मांजर शौच टाळतें. आणि तो अधिकच रेंगाळतो. हें चक्र महिनोन् महिने चाललें तर आंतडें ताणून सैल पडतें आणि मळ पुढें ढकलण्याची त्याची शक्तीच नाहींशी होते.

मनीस कातडीखालून सलाईन दिलें, कोमट पाण्याचा एनिमा डॉक्टरांनींच दिला, आणि वजनाच्या मानानें लॅक्ट्युलोजचें सिरप लिहून दिलें. रात्रीं तबकांतील वाळू उकरल्याचा आवाज आला तेव्हां परीक्षेचा निकाल लागावा तसें सारें घर जागें झालें.

एरंडेल, तूप-दूध यांविषयीं विचारलें तेव्हां डॉक्टर जें म्हणाले तें गृहिणींनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. मांजराच्या तोंडांत तेल किंवा पातळ पॅराफिन बळेंच ओतल्यास तें श्वासनलिकेंत उतरून फुफ्फुसाचा दाह होतो. माणसांसाठीं मिळणारा फॉस्फेटचा एनिमा मांजराचा प्राण घेऊं शकतो. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्यास विषच; कांदा-लसूण त्याच्या रक्ताचा नाश करितात. मोठ्या मांजरांपैकीं पुष्कळांस दूध पचत नाहीं. त्यानें जुलाब होतील, परंतु तो मलावरोधाचा उपचार नव्हे. गजऱ्याचा दोरा मांजरानें गिळला आणि टोंक बाहेर दिसलें, तर तें ओढूं नये. आंतडें चिरलें जातें.

याहून मोठें भय बोक्याचें. शेजारच्या इमारतींतील एक बोका असाच कुंथत होता. घरच्यांनीं मलावरोध समजून दोन दिवस प्रेमानें औषध दिलें. वस्तुतः त्याचा मूत्रमार्ग बंद झाला होता. तिसरे दिवशीं तो गेला. कुंथणें दोन्ही व्याधींत सारखेंच दिसतें. म्हणून बोका वारंवार तबकांत जाऊन कुंथूं लागला आणि लघवीचा थेंब दिसला नाहीं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये, त्याच घटकेस डॉक्टरांकडे न्यावें.

आतां ओल्या अन्नाचा प्रश्न. आमचें घर शाकाहारी; मनीचा पिंड दूधभातावर पोसलेला. परंतु मांजर हा जातीनेंच मांसाहारी प्राणी. टॉरिन नांवाचें द्रव्य अन्नांत कमी पडल्यास त्याचें हृदय दुर्बळ होतें, हें कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं १९८७ सालीं सिद्ध केलें; दूधभातांत तें पुरेसें नसतें. डबा घरांत आणावा कीं नाहीं यावर दोन दिवस वाद झाला. शेवटीं आत्याबाईच म्हणाल्या, "गाईला गवत, मांजराला उंदीर. तिचा धर्म तिला पाळूं द्या. वाटी-चमचा मात्र वेगळा, आणि तो गॅलरींत."

तेव्हांपासून मनीच्या ओल्या अन्नांत दोन चमचे पाणी आणि थोडा उकडलेला लाल भोपळा असतो. इसबगोल डॉक्टर सांगतील तेव्हां आणि तितकाच, नीट भिजवून. पाण्याचीं पसरट भांडीं घरांत तीन ठिकाणीं, अन्नापासून दूर मांडलीं आहेत. तबक रोज स्वच्छ होतें. मुलें पाळीपाळीनें तिला फणी करितात. फणींत निघालेला केंस तेवढा तिच्या पोटांतून वांचला. घटस्थापनेचे पेरावे तसे गहू एका कुंडींत पेरले आहेत. त्यांचे कोंवळे अंकुर ती आवडीनें खाते.

ह्या सर्वांत खरें औषध कोणतें म्हणाल, तर पाहणें. मुका जीव आपलें दुखणें सांगत नाहीं. त्याचा रोजचा क्रम ज्यास ठाऊक, त्यासच तो मोडलेला कळतो. आमच्या दिनदर्शिकेवर एकादशी-चतुर्थीच्या शेजारीं हल्लीं पेन्सिलीचा एक बारीक टिंब दिसतो. मनीनें तबक वापरलें कीं आत्याबाई तो न चुकतां देतात, आणि एखादे दिवशीं टिंब राहिला तर सायंकाळीं दिवा लावण्यापूर्वीं सर्वांस विचारीत फिरतात.