चक्का कमी कां उतरला?

पाडव्याच्या आदल्या रात्रीं सदाशिव-नारायण पेठांतून पूर्वीं घरोघर दह्याचीं गाठोडीं टांगलेलीं असत. हल्लीं चक्का विकत आणण्याचा प्रघात पडला आहे. आमच्याकडे मात्र तो अद्याप घरींच होतो, आणि पंचवीस पानें वाढावयाचीं असल्यामुळें किती उतरेल हा प्रश्न लहान नसतो.

दोन वर्षांपूर्वीं घरांत म्हशीऐवजीं देशी गाईचें दूध सुरू झालें. त्या पाडव्यास दहा लिटरांचा चक्का नेहमींपेक्षां किलोभर कमी भरला. ‘गवळ्यानें पाणी घातलें!’ असा निकाल स्वयंपाकघरांत तत्काळ लागला. वीस वर्षें दारीं येणाऱ्या माणसाचा रतीब दुसऱ्या दिवशीं बंद व्हावयाचा होता.

आम्हांस हें रुचेना. दुधांत लॅक्टोमीटर सोडून पाहिला, तो २८ च्या वर राहिला. पण साय काढून मग पाणी घातल्यास हें उपकरण फसतें, म्हणून त्यावर विसंबणें बरें नव्हे. शेवटीं पहाटे गोठ्यावर जाऊन समक्ष धारा काढविल्या. गाईचें एक लिटर, म्हशीचें एक लिटर; विरजण तेंच, फडकें तसलेंच, टांगण्याचे तासही तेवढेच. म्हशीचा चक्का सुमारें ३७० ग्रॅम भरला, गाईचा २७०. वाद मिटला.

कारण सरळ आहे. म्हशीच्या दुधांत घन द्रव्यें शेंकडा १६-१७ व त्यांत स्निग्धांश ६-७. गाईच्या दुधांत घन द्रव्यें १२-१३ व स्निग्धांश सुमारें ४. केसीन हें प्रथिनही म्हशीच्या दुधांत अधिक. दही लागतांना केसीनचें जाळें बनतें आणि स्निग्ध कण त्यांत अडकतात. टांगल्यावर पाणी व त्यांत विरघळलेली बरीचशी साखर निथळून जाते. जाळें फडक्यांत राहतें. पनीराचाही हिशेब हाच. तथापि वजन म्हणजे सर्वस्व नव्हे. रसगुल्ल्याच्या छेन्यासाठीं बंगाली हलवाई मऊपणाकरितां गाईचेंच दूध पसंत करतात. उलट इटलींतील काम्पानिया प्रांताचें मोझरेला नांवाजलें तें म्हशीच्या दुधाचें.

आमच्या मतें गाईच्या चक्क्याचें श्रीखंड अधिक नाजूक लागतें, आणि त्याचा फिकट पिवळेपणा कॅरोटीनचा असल्यामुळें केशर थोडें कमी घातलें तरी चालतें. घरांतील वडील स्त्रियांस हें मान्य नाहीं. यंदा दोन्ही दुधें निम्मीं निम्मीं घेतलीं. गवळी तोच आहे; मात्र चक्क्याखालचें पाणी कणकेंत घालावें कीं कढींत, यावर आतां दोन तट पडले आहेत.