सही करण्याआधी

मार्कंडा, ता. चामोर्शी
महाशिवरात्रीची जत्रा आटोपल्यावर

चि. भाचीबाईस,


तुझ्या ग्रामसभेच्या तेंदूपत्ता करारनाम्याचा मसुदा पोचला. जत्रेच्या धामधुमीत हातात घेता आला नाही. वैनगंगेकाठची दुकानं उठली, मग निवांत वाचला. ठेकेदार भला माणूस आहे, असं तू लिहितेस. असेलही. पण पान चांगलं, भाव चढा, पाऊस उशिरा, असं सगळं जुळून आलं तर हंगाम तोंडी बोलीवरही पार पडतो. कागद लागतो तो बिनसल्यावर.

म्हणून दर बाजूला ठेवून बाकीचं आधी वाच. गाव दरावर घासाघीस करतं आणि पैसा दुसऱ्याच कलमातून गळतो. मसुद्यात ‘माल ताब्यात घेतल्यावर रक्कम देऊ’ एवढंच आहे. ताब्यात म्हणजे कधी? फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, पुडे मोजले तेव्हा, वाळून बोद (पोती) भरले तेव्हा, की ट्रक गोदामाकडे निघाला तेव्हा? पुडे कित्येक दिवस फळीवर उन्हात असतात, उलटेपालटे करावे लागतात, आणि मे महिन्यातला वळीव काही सांगून येत नाही. भिजले तर नुकसान कोणाचं? 1930 चा मालविक्री कायदा म्हणतो की वेगळं ठरलं नसेल तर ज्याची मालकी त्याची जोखीम. तेव्हा स्पष्ट लिहून घे: फळीवर मोजणी होऊन वहीत दोघांची सही झाली की माल ठेकेदाराचा.

70 पानांचा पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, हे सर्वांना ठाऊक असतं म्हणूनच लिहायचं राहून जातं. तेही लिही. खराब पुडा काढायचा असेल तर त्याच दिवशी, तोडणाऱ्यासमोर.

मजुरी आणि रॉयल्टी एका आकड्यात कालवू नका. मजुरी तोडणाऱ्याची, रॉयल्टी ग्रामसभेची. हप्त्यांना तारखा घाल. रॉयल्टी थकल्याच्या तक्रारी आपल्या जिल्ह्याला नव्या नाहीत. माल गेला की मागे जोडे झिजवायचे. यावर इलाज वाहतूक परवान्यात आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाच्या हाती 27 एप्रिल 2011 ला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक आलं, तेव्हा गाव खऱ्या अर्थानं विकणारा पक्ष झालं. वनहक्क कायद्याच्या 2012 च्या सुधारित नियमांनी असा परवाना देणं तुमच्याही ग्रामसभेच्या समितीकडे आहे. मागचा हप्ता जमा झाल्याशिवाय पुढचा परवाना फाडायचा नाही, हे कलम घालाच.

उशिरासाठी भलामोठा दंड लिहिलाय, त्यावर गाव खूश आहे म्हणतेस. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 पाहा. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा; न्यायालय देणार वाजवी तेवढंच, तेही खटला लढल्यावर. त्यापेक्षा अनामत वाढवून घ्या. हातातले पैसे वसूल करावे लागत नाहीत.

शेवटचं. मसुदा ग्रामसभेत मोठ्यानं वाच, गोंडीतून समजावून सांग, ठराव झाल्यावरच सही कर. वाचताना ठेकेदाराच्या मुनशीला बसवून घे. ज्या कलमावर तो ‘ताई, हे सगळीकडे असंच असतं’ म्हणेल, तिथं थांबा आणि ते पुन्हा वाचा. कोरी जागा एकही ठेवू नको. सहीची प्रत त्याच बैठकीत घे.

तुझा,
मामा