टाके

सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा तिने डॉक्टरांना हात दाखवला. इंदुरात तीस वर्षे शिलाईयंत्रापुढे बसलेली ती. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू रात्री बधिर होत असे. करंगळी तेवढी शहाणी; तिचा मज्जातंतू निराळ्या वाटेने जातो. हात झटकत तिने कित्येक रात्री काढल्या होत्या.

मनगटात एक अरुंद बोगदा असतो. नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू त्यातूनच तळहाताकडे जातात. बोगद्याचे छत म्हणजे एक जाड, चिवट पट्टा. आत सूज आली की मज्जातंतू चेपला जातो. मनगटावर लहानसा छेद घेऊन, दुर्बिणीतून पाहत, शल्यविशारदाने तो पट्टा कापला. ती त्याच संध्याकाळी घरी आली.

रात्रीच्या मुंग्या त्याच आठवड्यात थांबल्या. पट्टी सुटली तेव्हा तिने टाके मोजले. दोनच! अंतर मात्र सारखे नव्हते, हे तिच्या नजरेतून सुटले नाही. पण कात्री धरवेना. तळहाताच्या बुडाशी दाब पडला की कळ येई. कणीक सून मळत होती. कपाटात लग्नसराईचे अकरा ब्लाउज बेतायचे पडून होते. हातात पूर्ववत शक्ती येण्यास काही महिनेही लागतात, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण गिऱ्हाइकाला महिने कसे सांगावेत? सहा ब्लाउज तिने शेजारच्या मुलीकडे पाठवले. शिकाऊ हात, पण इलाज नव्हता.

सहाव्या आठवड्यात तिने सुई उचलली. तिसऱ्या प्रयत्नात दोरा ओवला गेला. सुईचे टोक बोटाला टोचले, आणि ते तिला कळले. तिने पहिला हुक लावायला घेतला.