पत्र्याचं बिऱ्हाड

गुपचूप राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. कडी काढली की कोयंडा खणखणायचा, झाकण वर करताना बिजागऱ्या करकरायच्या, आणि मिटताना असा आवाज व्हायचा की पडवीत बसलेल्यांनाही कळावं, आजोबांनी ट्रंक लावली. मूळ रंग हिरवा. कडांवरचा केव्हाच उडालेला, तिथे गंज. डावा कोपरा आत चेपलेला. झाकणावर पेंटरने पांढऱ्या अक्षरांत घातलेलं आजोबांचं पूर्ण नाव, मु. पो., आणि खाली ‘ता. देवगड, जि. रत्नागिरी’. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला. रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंत घरातल्या सगळ्या कागदांनी तो मान्य केला. ट्रंकेने नाही.

आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, मागांवर, होते. सुरुवातीला बदली. म्हणजे पास खिशात घालून गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर साच्यावर जायचं, नसला तर परत फिरायचं. मग कधीतरी कायम झाले. राहायला लालबागच्या चाळीत गावकरी मंडळाची खोली. त्या खोलीत माणसं किती, असं मी लहानपणी विचारलं तर ते उलट विचारत, ‘‘खंयच्या पाळीची?’’ पहिल्या पाळीचे सकाळी सातला कामावर गेले की तिसऱ्या पाळीचे त्यांच्याच जागेवर अंग टाकायचे. जेवण खानावळवाल्या बाईकडे. खोलीत प्रत्येकाच्या मालकीच्या अशा तीनच गोष्टी: भिंतीतला एक खिळा, एक वळकटी आणि एक ट्रंक.

त्या खोलीत ट्रंकेने काय केलं नाही? तिच्यावर बसून आजोबांनी दाढी केली. तिच्यावर कागद ठेवून घरी पत्रं लिहिली, ‘पत्रास कारण की’पासून ‘लहानांस आशीर्वाद’पर्यंत. पगाराच्या दिवशी तिच्या झाकणाआड पैसे मोजून मनिऑर्डरीचे वेगळे काढले. झाकणाच्या आतल्या बाजूला कॅलेंडरातून कापलेली भवानी चिकटवलेली होती. सकाळी झाकण उघडलं की देवघर, मिटलं की टेबल. तळाला वर्तमानपत्र. जुनं कधी काढायचे नाहीत, दर दिवाळीला त्यावरच नवं घालायचे. त्यामुळे तळ हळूहळू जाड होत गेला. त्याचा कोपरा उचलून बघायची मला फार हौस होती. वरच्या कागदावर निरम्याची जाहिरात, त्याखाली कसली तरी निवडणूक, अगदी खाली अक्षरं पिवळ्यात विरून गेलेली.

गावाला येताना ट्रंक बरोबर यायची आणि वळकटी मागे राहायची. वळकटी आहे म्हणजे माणूस परतणार, हा त्या खोलीचा कायदा होता. शिमग्याला किंवा मे महिन्यात ट्रंक भाऊच्या धक्क्यावरून बोटीने यायची. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून गणपतीला एसटीच्या टपावर, ताडपत्रीखाली. बोटीचा प्रवास तिला मानवला नसावा. आमच्या बंदरात बोट धक्क्याला लागत नसे; खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, बोचकी, कोंबड्या सगळं पडावात उतरवायचं. तो चेपलेला कोपरा तिथलाच. वरून खलाशाने दिली, खाली कुणाचा तरी हात चुकला, पडावाच्या काठावर आदळली. आतली बरणी फुटली आणि बाबांच्या नव्या सदऱ्यावर मोरंब्याचा डाग पडला. कोपरा ठोकून सरळ करायला आजोबा पुढे कधीही तयार झाले नाहीत. ठोकला तर पत्रा फाटेल, एवढंच म्हणायचे.

आजी सांगते, ‘‘पयली ट्रंक दिसायची, मगे हे.’’ पाणंदीतून गड्याच्या डोक्यावर ट्रंक येताना दिसली की ती हात धुऊन ओटीवर यायची. लग्नानंतर तिचा संसार झाला तो असा, वर्षातून दोनदा, रजेच्या मापाने. बाकीचं वर्ष भाताची लावणी, गुरं, सासूसासऱ्यांची दुखणी आणि पोस्टमनची वाट. मुंबईच्या गिरण्या नुसत्या कापसावर आणि वाफेवर चालल्या नाहीत; गावी राहिलेल्या या बायकांनी घरं ओढली म्हणून तेवढ्या पगारात एवढी माणसं त्यांना मिळाली, असं माझं स्पष्ट मत आहे. आजीला हे बोलून दाखवलं की ती म्हणते, ‘‘तुका पगार मिळता बोलूचो.’’

ट्रंक उघडण्याला क्रम होता. आधी देवासाठी कापूर आणि उदबत्ती. मग खोलीतल्या बाकीच्यांनी आपापल्या घरी पाठवलेल्या पुड्या, नाव लिहिलेल्या, सुतळीने बांधलेल्या. त्या त्याच संध्याकाळी घरोघर पोचल्या पाहिजेत, हे काम बाबांचं. मग मुलांचं: खजूर, बटर, एखादा टॉर्च, सदऱ्यांसाठी गिरणीतलं फेंटचं कापड. बाबा म्हणतात, त्या कापडाला खळीचा वास यायचा आणि तो कितीही धुवा, जायचा नाही. त्यांना तोच वडिलांचा वास वाटायचा, कारण वडील जाऊन महिने लोटले तरी सदरा अंगावर असायचा.

आजीचं मात्र कधी हातात दिलं नाही. तिच्यासाठी आणलेलं लुगडं ट्रंकेत तसंच राहायचं. चावी एरवी आजोबांच्या करगोट्याला, आंघोळीलासुद्धा तिथेच. पण आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते चावी चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवून विहिरीवर जायचे, आणि त्या दिवशी विहिरीवर त्यांना फार वेळ लागायचा. आजी ट्रंक उघडायची, लुगडं घ्यायची, चावी परत कोनाड्यात. दोघांनी याबद्दल आयुष्यात एक शब्द काढला नाही. आम्ही विचारलं की एरवी का नाही उघडलीस, तर ती आमच्याकडे खुळ्यांकडे बघावं तशी बघते. ‘‘तां तेंचां बिऱ्हाड. दुसऱ्याच्या बिऱ्हाडात न इचारता घुसतत काय?’’

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आजोबा महिनाभर खोलीत थांबले, मग आणखी थोडे दिवस. खानावळीचे पैसे थकले. बाबा तेव्हा शाळेत होते. एका दुपारी ते पाणंदीच्या तोंडाशी खेळत होते, तर ना शिमगा ना गणपती, आणि ट्रंक येताना दिसली. ते आनंदाने धावत सुटले. जवळ गेल्यावर त्यांना दिसलं की गडी नाही, ट्रंक आजोबांच्याच डोक्यावर आहे, आणि काखेत वळकटी आहे. वळकटी त्यांनी त्यापूर्वी कधी पाहिलेली नव्हती. निळी-पांढरी सतरंजी, सुतळीच्या दोन गाठी. त्या दिवशी ट्रंकेतून कुणाच्या पुड्या निघाल्या नाहीत.

तो संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. आजोबा पुन्हा दोनदा मुंबईला जाऊन गेटवर उभे राहून आले, रिकाम्या हाताने. मग शेती. त्याबद्दल ते बोलत नसत आणि मीही इथे फार लिहीत नाही.

माझ्या वाट्याला आले ते गावातले आजोबा. सकाळी काजूच्या बागेत, संध्याकाळी भजनाला, दुपारी ट्रंकेपाशी. घर त्यांचं, वडिलोपार्जित, चौसोपी नसलं तरी ऐसपैस. बाबांनी पहिल्या पगारातून लोखंडी कपाट घेऊन दिलं होतं, आरशाचं. त्यात आजीचे, काकीचे, आमचे कपडे. आजोबांचे दोन धोतरजोडे, सदरे, टोपी, दाढीचं सामान, अमृतांजनची बाटली सगळं शेवटपर्यंत ट्रंकेतच राहिलं. मोठेपणी मला हे खटकायचं. आपल्याच घरात हा माणूस पाहुण्यासारखा का राहतो? काकी म्हणायची, विक्षिप्तपणा. बाबा काही म्हणायचे नाहीत. मला आता वाटतं, ज्या वयात माणसाला घराची सवय लागते त्या वयात त्यांना ट्रंकेची लागली. पुढे घर मिळालं, पण सवय बदलायला उशीर झाला होता.

नातवंडांना मात्र त्यांनी त्या बिऱ्हाडात मुक्तद्वार ठेवलं. हाक मारायचे, ‘‘बाय, ये हंय.’’ झाकणाचा टेकू मी धरायचा. मग आतून श्रीखंडाच्या गोळ्या, जुना धोटा, टोकांना पितळ असलेला, हाताने घासून गुळगुळीत झालेला. धोटा माझ्या तळहातावर ठेवून ते डावीकडून उजवीकडे हात सपकन न्यायचे आणि तोंडाने साच्याचा आवाज काढायचे, खटॅक खटॅक खटॅक, इतका खरा की आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘‘बंद करा ती गिरण.’’ त्यांच्या एका कानाला ऐकू कमी यायचं. ते साच्यांनीच घालवलं होतं, पण त्या आवाजावर त्यांचा राग नव्हता.

ते गेले तेव्हा तेराव्यापर्यंत कुणी ट्रंकेला हात लावला नाही. मग आजीने चावी बाबांकडे दिली. कपडे निघाले, धोटा निघाला, सगळ्यात खाली प्लास्टिकच्या पिशवीत गिरणीचं तिकीट, लाल पास, ईएसआयचं कार्ड, फंडाच्या चिठ्ठ्या. १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर हजेरीपटावर असलेल्या गिरणी कामगारांना घरं द्यायची असं ठरल्यावर म्हाडाकडे सुमारे दीड लाख अर्ज गेले, त्यात त्यांचाही होता. तो त्यांनी स्वतः भरला होता, ट्रंकेवर कागद ठेवून. २०१२पासून सोडती निघतात. आता वारस म्हणून बाबांचं नाव लागलंय. दर वेळी कुठला तरी कागद पुन्हा मागतात, बाबा डोंबिवलीहून गावाला जातात, पिशवी नेतात, झेरॉक्स काढून परत आणून ट्रंकेत ठेवतात. भावाने म्हटलं, इकडेच ठेवा ना कपाटात. बाबा म्हणाले, कपाटातलं वेळेवर सापडत नाही.