चेर्नी तीस

कोरियन मालिका मी कथानकापेक्षा त्यातल्या जेवणांसाठी जास्त पाहते. अशाच एका जेवणाच्या प्रसंगात कुणीतरी नायिकेला विचारलं, पियानो येतो का? ती म्हणाली, ‘चेर्नी तीसपर्यंत झालंय.’ टेबलाभोवतीच्या सगळ्यांना तिची नेमकी पायरी कळली आणि बोलणं पुन्हा मुळ्याच्या किमचीकडे वळलं. मी तिथेच अडकले.

कोरियात गेल्या दोन-तीन पिढ्यांतल्या असंख्य मुलांनी शाळा सुटल्यावर पियानोचा क्लास केला आहे. क्लास बहुतेकदा वसाहतीतच, दुकानांच्या रांगेत, शेजारी तायक्वांदो आणि गणिताचा. आधी बायरचं पुस्तक, मग चेर्नी शंभर, मग तीस, चाळीस, पन्नास. हे आकडे त्या त्या पुस्तकातल्या धड्यांचे, त्यामुळे शंभर सगळ्यात सोपं आणि तीस त्याहून अवघड! आपल्याकडे ‘मध्यमा झालीय’, ‘विशारद झालाय’ म्हणतात, तसं तिथे ‘चेर्नी तीस’. बोटं सगळं विसरली तरी आकडा जन्मभर लक्षात राहतो.

ज्याच्या नावाने एक अख्खा देश आपलं बालपण मोजतो, तो कार्ल चेर्नी कधी कोरियाच्या आसपासही फिरकला नव्हता. १७९१ मध्ये व्हिएन्नात जन्मला, तिथेच १८५७ मध्ये गेला. दहाव्या वर्षाच्या सुमाराला वडिलांनी त्याला बेथोव्हेनसमोर बसवलं आणि बेथोव्हेनने त्याला शिष्य म्हणून घेतलं. बेथोव्हेनचं पियानोसंगीत त्याला तोंडपाठ होतं. बेथोव्हेनचा आश्रयदाता असलेल्या प्रिन्स लिखनोव्स्कीने नुसता ओपस क्रमांक सांगायचा आणि या पोराने ती रचना वाजवायची, असा त्यांचा खेळ चाले. ‘एम्परर’ कॉन्चेर्टो व्हिएन्नात १८१२ मध्ये पहिल्यांदा वाजला, तेव्हा पियानोवर चेर्नी होता. एवढ्यावर दुसरा कुणी युरोपभर मिरवला असता. चेर्नीने मैफिली सोडल्या. गावोगाव फिरणाऱ्या कलावंताला जो थोडा बडेजाव, थोडी हातचलाखी लागते, ती आपल्या वाजवण्यात नाही, असं त्याने आठवणींत लिहून ठेवलं आहे. मग तो शिकवत राहिला, दिवसाला दहा-दहा, बारा-बारा तास. रात्री लिहायचा. रचनांचा क्रमांक ८६१ पर्यंत गेला. म्हणतात, खोलीत तीन-चार मेजं मांडलेली असत आणि एकावरची शाई वाळेपर्यंत तो दुसऱ्यावर लिहीत असे. लग्न केलं नाही. मांजरं मात्र पुष्कळ होती.

मला हा माणूस आवडतो. त्याचे धडे वाजवायला आवडत नाहीत, पण ती वेगळी गोष्ट.

त्याच्याकडे १८१९ मध्ये एक फिकट, अशक्त मुलगा आला. वाजवताना खुर्चीवर दारुड्यासारखा डुलायचा. आता पडतो की मग पडतो, असं चेर्नीला वाटत राही. बोटं कोणती कुठे ठेवायची याचा पत्ता नाही, पण आतून काहीतरी उसळत होतं. चेर्नीने त्याला आधी बोटांची शिस्त लावली, तालाची लावली आणि पुढे पैसे घेणंही बंद केलं. त्या मुलाचं नाव फ्रान्झ लिस्ट. चेर्नीने जे टाळलं ते सगळं याने केलं. बडेजाव केला, युरोप पालथा घातला, बायका मूर्च्छित पडल्या. लिस्टने पंधराव्या वर्षी बारा सराव-रचना लिहिल्या होत्या. त्या त्याने पुढे इतक्या अवघड करून ठेवल्या की खुद्द त्यालाच त्या पुन्हा जरा सोप्या कराव्या लागल्या. ‘ट्रान्सेन्डेंटल एट्यूड्स’चं ते शेवटचं रूप १८५२ मध्ये छापलं गेलं आणि अर्पण होतं म्हाताऱ्या चेर्नीला. बोटं ठेवायला शिकवणाऱ्याला, जवळजवळ कुणाचीच बोटं पुरणार नाहीत अशी भेट.

जून २०२२ मध्ये टेक्ससमधल्या फोर्ट वर्थ इथे, व्हॅन क्लायबर्न स्पर्धेच्या उपांत्य फेरीत, १८ वर्षांच्या युनचान लिमने या बाराच्या बारा रचना सलग वाजवल्या. स्पर्धेत असलं धाडस कुणी शहाणा करत नाही. अंतिम फेरीत त्याने रखमानिनॉफचा तिसरा कॉन्चेर्टो वाजवला आणि तो या स्पर्धेचा सर्वांत तरुण सुवर्णविजेता ठरला. सोलजवळच्या सिहुंगचा हा मुलगा सातव्या वर्षी गल्लीतल्या क्लासमध्ये बसलेला, आणि तोवर परदेशात कुठेही न शिकलेला. डोंगरात जाऊन नुसता पियानो वाजवत राहावं, पण मग पोट कसं भरणार, असं काहीसं तो जिंकल्यावर पत्रकारांना म्हणाला. आणि शिक्षकांविषयी विचारलं की सांगतो, ते माझ्यासाठी धर्मासारखे आहेत.

ते शिक्षक म्हणजे मिन्सू सोन. लिम तेरा वर्षांचा असल्यापासून त्यांच्याकडे. सोन यांची कारकीर्द स्पर्धेच्या निकालात मावणारी नाही, जरी २००६ मध्ये कॅल्गरीतली होनेन्स स्पर्धा त्यांनी जिंकली होती. (ही स्पर्धा एस्थर होनेन्स या बाईंनी दिलेल्या ५० लाख डॉलरांतून उभी राहिली. पहिली स्पर्धा पाहिली आणि काही दिवसांतच बाई गेल्या. पैसा असा खर्च करावा.) सोन शिकले बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत, रसेल शर्मन आणि व्हा क्यंग ब्यन या पतिपत्नींकडे. ब्यन कोरियन, आधी शर्मन यांच्या विद्यार्थिनी, मग पत्नी. शर्मननी लिस्टच्या त्या बाराही एट्यूड्स रेकॉर्ड केल्या होत्या. फोर्ट वर्थचं धाडस एका मुलाच्या डोक्यातून अचानक निघालं, असं मग वाटेनासं होतं.

सोन यांनी मिशिगनमध्ये शिकवलं, मग सोलच्या कोरिया नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ आर्ट्समध्ये, आणि २०२३ पासून ते बॉस्टनला, स्वतःच्याच जुन्या संस्थेत आहेत. लिमही त्यांच्यामागोमाग तिकडे गेला. पण या सगळ्यात त्यांनी स्वतःचं वाजवणं सोडलं नाही. २०११ मध्ये बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सची रेकॉर्ड आली. २०१७ ते २०२० या काळात त्यांनी बेथोव्हेनचे ३२ सोनाटा मंचावर वाजवले. आठवडाभर विद्यार्थ्यांच्या चुका ऐकायच्या आणि मग स्वतः, जिथे विद्यार्थी ऐकायला बसले आहेत अशा सभागृहात, चुका करायला तयार राहायचं. चेर्नीला हे जमलं नाही, किंवा त्याने ते नको म्हटलं. मला मंचावर टिकून राहण्याचं धैर्य जास्त मोठं वाटतं. मंच सोडून दिलेल्या गुरूला त्याच्या शिष्याशी कुणी ताडून पाहत नाही. मंचावर टिकून राहिलेल्याला रोज ताडून पाहतात, आणि शिष्य लिमसारखा असला तर विचारायलाच नको.

कॉन्चेर्टो शिकताना वाद्यवृंद कुणाच्या घरी नसतो. तासाला दुसरा पियानो असतो आणि शिक्षक त्यावर सगळी व्हायोलिनं, हॉर्न, ड्रम एकट्याने वाजवतात. शिष्याने चमकायचं आणि शिक्षकाने त्याच्याखाली जमीन धरून ठेवायची. २०२५ च्या जुलैत सोन आणि लिम सोलमध्ये एकत्र मैफिलीला बसले, तेव्हा पियानो तसेच दोन होते, पण जमीन दोघांनी धरायची होती. कार्यक्रमात रखमानिनॉफचे ‘सिम्फनिक डान्सेस’ होते आणि ब्राम्सचा एफ मायनर सोनाटा.

हा ब्राम्सचा सोनाटा म्हणजे एक भांडणच आहे. आधी त्याने तो पाच तंतुवाद्यांसाठी लिहिला, पटला नाही म्हणून नष्ट केला. मग दोन पियानोंसाठी केला आणि १८६४ मध्ये व्हिएन्नात कार्ल टाउसिगबरोबर वाजवला. टाउसिग लिस्टचा शिष्य, म्हणजे चेर्नी इथेही मागच्या रांगेत आहेच. त्याची पियानोवादक मैत्रीण क्लारा शुमान हिने सांगितलं, हे दोन पियानोंत मावत नाही, पुन्हा लिही. ब्राम्सने त्याचा पियानो क्विंटेट केला आणि तोच जगभर गाजला. पण दोन पियानोंचं रूपही त्याने फेकून दिलं नाही, पुढे छापलं. क्लाराचं बरोबर होतं, असं मला अजूनही वाटतं. मधल्या संथ भागात चेलो नसेल तर मी त्या रचनेला अर्धंच मानते. सोन आणि लिम दोघांनाही ते मान्य नसणार.