आपले शहर : सांगली (निबंध आणि थोडं त्यापलीकडचं)

'आपले शहर' या विषयावर निबंध लिहायला दिला की मुलांच्या तीन ओळी ठरलेल्या असतात. सांगली हे कृष्णा नदीच्या काठी वसलेले शहर आहे. येथील गणपती मंदिर प्रसिद्ध आहे. येथील हळद प्रसिद्ध आहे. मग पेन थांबतं. या तिन्ही ओळी बरोबरच आहेत. फक्त प्रत्येक ओळीपुढे 'का?' विचारायचं.

राजधानी इथे का? १८०१ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीला राजधानी केली. गणपती मंदिर त्यांचंच. त्यांच्याच आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' हे नाटक केलं. म्हणून आपली सांगली नाट्यपंढरी. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं.

आता हळद. आपल्या मार्केट यार्डात कर्नाटक, आंध्रातूनही हळद येते. बाहेरची हळद इथे का यायची? बाजारपेठ मोठी, हे एक कारण. दुसरं कारण मुलांना माहीतच नसतं, ते म्हणजे हरिपूरची पेवं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठी. तोंड अरुंद, आत ऐसपैस. हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचं. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड लागत नाही. माल वर्षानुवर्षं टिकायचा. भाव आला की पेव उघडायचं.

हे वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, मग पेवात माणूस लगेच उतरला तर?" किती नेमका प्रश्न! पेव उघडल्यावर आधी हवा खेळू द्यावी लागते, नाहीतर आत जीव गुदमरतो. विज्ञानातला हवेचा धडा त्या दिवशी वेगळा शिकवावा लागला नाही.

पण ज्या नदीने ही माती दिली, तिचंच पाणी २००५ च्या महापुरात पेवांत शिरलं. कितीतरी हळद भिजून वाया गेली. त्यानंतर व्यापारी गोदामं आणि कोल्ड स्टोरेजकडे वळले. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा अभिमान आहेच. पण पेवाची जागा कशी निवडायची, ते कसं खणायचं, कसं भरायचं हे ज्यांच्या हातात होतं, ती माणसं आता म्हातारी झालीत. हे पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

म्हणून पालकांना एक विनंती. निबंध पाठ करून घेऊ नका. मुलांना आजोबांकडे, शेजारच्या एखाद्या जुन्या हमालकाकांकडे पाठवा. ते सांगतील ते मुलांनी आपल्या शब्दांत, आपल्या बोलीत लिहू दे. शुद्धलेखन आम्ही नंतर बघू.