पाहा, पण नेऊं नका

जुनीं कागदपत्रें संकेतस्थळावर मांडावयाचीं, परंतु वाचकास त्यांची प्रत घेऊं द्यावयाची नाहीं, अशी चाल अलीकडे पडली आहे. पानावर संस्थेची मोहोर आडवी उमटविलेली असते. माउसचें उजवें बटण दाबावें, तर तें मुकें! या बंदोबस्ताचें आम्हांस नवल वाटतें. पडद्यावरील पान वाचकाच्या यंत्रांत उतरल्यावांचून त्यास दिसतच नाहीं. दाखविणें हेंच मुळीं प्रत देणें होय. अर्थात् हें कुलूप चोरास अडवीत नाहीं. अभ्यासकास मात्र पानेंच्या पानें हातानें उतरून घ्यावयास लावितें.

लेखकाचा हक्क राखावा, हें आम्हांस मान्य आहे. १९५७ च्या कायद्यानें तो त्याच्या हयातींत व पुढें ६० वर्षें राखिला आहेच. कागद जपणाऱ्या संस्थांना खर्च येतो, हेंही खरें. पण पेशवाईंतील मोडी पत्राचा लेखक कोणता हक्क सांगावयास येणार?

आपल्याकडे ग्रंथ टिकले ते नकला झाल्यामुळें. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. नकलांमुळें तींत अपपाठ शिरले होते खरे. पण जवळजवळ ३०० वर्षें तिला जगविलें तेंही नकलांनींच. एकाच पेटींतील कागदास एक वाळवी पुरते. शंभर घरीं गेलेला कागद सहसा नाहींसा होत नाहीं. संस्थांनीं मोहोर खुशाल उमटवावी, आपला नामनिर्देशही मागावा. परंतु प्रत घेणाऱ्याचा हात धरूं नये.